बगदादचा अभिमान, गावच्या वाचनालयाचा विसर

फेब्रुवारी संपता संपता खान्देशातल्या वाचनालयांचा हंगाम सुरू होतो. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीचा मराठी भाषा गौरव दिन, ८ मार्चला महिला दिन, मग पाडवा, ११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब आणि २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. कार्यक्रमाचा साचा ठरलेला असतो. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत, आभार, चहा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या फोटोत आपण किती असतो? बहुतेक गावांत उत्तर एका हाताच्या बोटांवर मावते. पहूरसारख्या गावात, जिथे पेठ आणि कसब्यात आपले मोहल्ले पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, जिथली मुले उर्दू आणि मराठी दोन्ही लिप्या वाचतात, तिथेही हा प्रश्न विचारायला हवा.

यावर दोन तयार उत्तरे मिळतात. वाचनालयाचे पदाधिकारी म्हणतात, "तुमची मुले येतच नाहीत." आपली वडीलधारी मंडळी म्हणतात, "ते त्यांचे आहे, आपल्याला काय करायचे?" दोन्ही उत्तरे आळशी आहेत आणि दोन्हींमुळे नुकसान आपल्याच मुलामुलींचे होते.

वाचता येत नाही, ही थाप आहे

आधी एक गैरसमज दूर करू. मुसलमान समाजाला वाचनाचे वावडे आहे, असे सर्रास बोलले जाते. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल २००१ च्या जनगणनेच्या आधारे सांगतो की देशपातळीवर मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती आणि एकूण साक्षरता ६५.१ टक्के. हा आकडा सगळे उगाळतात. महाराष्ट्राचा आकडा मात्र कुणी सांगत नाही. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची सरासरी ७६.९. म्हणजे अक्षर ओळखण्यात आपण मागे नव्हतो. आपण मागे पडतो ते त्याच्या पुढच्या पायरीवर, शाळा सुटल्यानंतर. दहावी-बारावीनंतर हातातले पुस्तक सुटते ते कायमचे. ज्या घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही, पुस्तक विकत घ्यायला पैसे नाहीत, त्या घरातल्या मुलासाठी पुढची पायरी म्हणजे गावचे वाचनालय. ते त्याला आपले वाटत नसेल, तर साक्षरतेचा आकडा कागदावरच राहणार.

हे वाचनालय कोणाचे?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार शासनाचे अनुदान मिळते. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ झाली. हा पैसा सरकारी तिजोरीतून येतो आणि तिजोरीत आपल्या केळीच्या, कापसाच्या, गॅरेजच्या, बेकरीच्या, हातगाडीच्या कमाईचाही वाटा असतो. त्यामुळे "ते त्यांचे आहे" हे वाक्य हिशेबानेच चुकीचे ठरते.

संविधानाचे कलम १५ सांगते की पूर्णतः किंवा अंशतः शासनाच्या पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक जागांच्या वापरात धर्म, जात, लिंग यावरून कुणाला अडवता येणार नाही. पण हक्क कागदावर असणे वेगळे आणि वापरात असणे वेगळे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने त्याआधीच केला होता, तरी पाण्याला हात लावायला कुणी गेले नव्हते. वापरला नाही तर हक्क गंजतो, हे महाडने शिकवले. आपल्यासमोर तर चवदार तळ्याइतकी अडचणही नाही. वाचनालयाच्या दारात आपल्याला कुणी काठी घेऊन अडवत नाही. आपणच त्या दारावरून पुढे जातो आणि नाक्यावरच्या टपरीवर बसतो.

पदाधिकाऱ्यांना चार शब्द

जे वाचनालय चालवतात त्यांना आम्ही नम्रपणे पण स्पष्टपणे विचारतो: १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन म्हणून तुम्ही डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांच्या प्रतिमेला हार घालता. चांगली गोष्ट आहे. पण उरलेल्या वर्षात शेजारच्या मोहल्ल्यातला एखादा जिवंत अब्दुल तुमच्या टेबलावर पुस्तक मागायला आला, तर त्याला द्यायला कपाटात काय आहे? उर्दूचे किती अंक येतात? गावात उर्दू शाळा असताना वाचनालयात एकही उर्दू बालमासिक नसेल, तर "तुमची मुले येत नाहीत" ही तक्रार तुम्हाला शोभत नाही. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे 'बच्चों की दुनिया'ही आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला मोठा खर्च येत नाही. पुस्तक खरेदीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची मदतही मिळू शकते.

दुसरे, कार्यक्रमाचे स्वरूप. जिथे प्रत्येक समारंभ पूजेने सुरू होतो, तिथे काही मुले संकोचतात. आम्ही कुणाच्या श्रद्धेविरुद्ध बोलत नाही. पण पुस्तक दिन पुस्तकाने सुरू व्हावा, एखाद्या मुलीने एखादे पान वाचून उद्घाटन करावे, यात कुणाचे काय बिघडते? कुसुमाग्रजांचा, फुल्यांचा, बाबासाहेबांचा मान त्यांच्या लेखनाचे वाचन केल्याने वाढेलच.

आणि मराठी भाषेचा गौरव करताना एवढे लक्षात असू द्या: कागद, कलम, शाई, दौत, दप्तर, जिल्द, मजकूर, मसुदा, तर्जुमा, नक्कल, अगदी रद्दीसुद्धा, हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मराठी झाले. त्यांच्याशिवाय वाचनालयाची एक नोंदवहीदेखील लिहिता येणार नाही. मराठीत आम्ही पाहुणे नाही. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. बार्शीच्या शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटवल्या. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ही नावे भाषा दिनाच्या भाषणात किती वेळा ऐकू येतात?

आता आपल्याकडे वळू

पण मित्रांनो, त्यांना जाब विचारून आपली सुटका होत नाही. आपल्यापैकी कितीजण बगदादच्या 'बैतुल हिक्मा'चे आणि कॉर्डोबाच्या ग्रंथालयांचे स्टेटस ठेवतात? पहिली वही 'इक्रा' या शब्दाने सुरू झाली, हे आपण दर जलशात ऐकतो, माना डोलावतो आणि घरी जातो. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथालयाचा अभिमान धरायला काही लागत नाही. गावच्या वाचनालयाच्या वर्गणीची पावती फाडायला मात्र थोडे पैसे आणि दहा मिनिटे लागतात. तेवढेही जमत नसेल तर बगदादचे नाव घेऊ नये.

"मोबाइलवर सगळे मिळते," असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मिळते, नाही म्हणत नाही. पण मोबाइलवर काय वाचायचे ते मोबाइलच ठरवतो. ज्या व्हिडिओने कालच राग आणला, त्याच जातीचा दुसरा व्हिडिओ तो आज पुढे ढकलतो. कपाटासमोर उभे राहिले की आपण न मागितलेले पुस्तकही हाताला लागते. शिवाय मोबाइल वाचताना आपण एकटे असतो. वाचनालयात शेजारच्या खुर्चीवर पाटलांचा, महाजनांचा, तडव्यांचा मुलगा त्याच स्पर्धा परीक्षेची तयारी करत बसलेला असतो. गावात उद्या अफवा उठली, तर अशी ओळख शांतता समितीच्या बैठकीपेक्षा जास्त कामाची ठरते.

काहींना वाटते, आपण आपले वेगळे वाचनालय काढू. मशिदीजवळ, मदरशात पुस्तकांचे कपाट असावे, जरूर असावे. पण ते सार्वजनिक वाचनालयाच्या बदल्यात नको. २०१२ च्या पडताळणीनंतर राज्यात नव्या वाचनालयांना मान्यता देणे कित्येक वर्षे थांबले होते. अनुदान, इमारत, जुना संग्रह हे सगळे जिथे आधीच आहे, ती जागा सोडून देणे म्हणजे आपला हिस्सा आपण होऊन लिहून देणे.

आणि बहिणींचे काय? मुलगा निदान नाक्यावर तरी बसू शकतो. मुलीला बारावीनंतर बसायला जागा कुठे आहे? तिला वाचनालयात पाठवायचे तर रात्रीची वेळ नको, वर्दळ नको, अशी कारणे आपण सांगतो. मग दुपारची वेळ मागा ना! मागणी न करता कारणे देणे, हा आपला जुना रोग आहे.

या वसंतात काय मागायचे

एक: परीक्षा आणि रमजान यांचा विचार करून वेळ. गेली काही वर्षे रमजान फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान येत आहे, म्हणजे नेमका दहावी-बारावीच्या परीक्षांच्या आसपास. संध्याकाळी इफ्तार आणि तरावीहमुळे आपल्या मुलांना वाचनालयात बसता येत नाही. सहेरीनंतर मूल जागेच असते. सकाळी लवकर दोन तास वाचनकक्ष उघडा ठेवला तर त्याचा फायदा सगळ्याच परीक्षार्थींना होईल, कारण जळगावच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारी पत्र्याखाली अभ्यास कुणालाच होत नाही.

दोन: मुली आणि महिलांसाठी आठवड्यातून ठरावीक दुपार.

तीन: २३ एप्रिलला भाषणाऐवजी सभासद नोंदणी, आणि ती उर्दू शाळेच्या आवारातही.

चार: कपाटात काही पुस्तके. नसतील तर मागणीच्या वहीत लिहा. असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी घ्या. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते, मुलाने ती टिपून ठेवली आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपात आली. आपल्या नानी-दादीच्या ओव्या कुणी टिपल्या, याचा विचार ते पुस्तक वाचताना नक्की येईल. अजिंठ्याच्या कुशीतल्या ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' घ्या, त्यातले रान आपलेच आहे. अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृती' घ्या आणि विनोबांचे 'कुराणसार'ही. हे दोघे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात एकत्र होते आणि दोघांनीही शेजाऱ्याचा धर्म ऐकीव गोष्टींवर न सोडता अभ्यासला. हमीद दलवाईंची 'इंधन' कादंबरी वाचा आणि फकरुद्दीन बेन्नूर यांचेही लेखन वाचा. दोघांशी मतभेद असतील तर वाचून मतभेद ठेवा. सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय घ्या. फातिमांचे पोस्टर फिरवण्याआधी १८५६ च्या पत्रात सावित्रीबाईंनी त्यांचे नाव कसे घेतले आहे, ते स्वतः पाहा.

या मागण्या तोंडी सांगून उपयोग नाही. वाचनालय ही नोंदणीकृत संस्था असते. तिची वार्षिक सभा होते आणि सभासद कार्यकारिणी निवडतात. सभासद नसलेल्याचे म्हणणे ऐकून घ्यायला कुणी बांधील नाही. म्हणून पाच मित्र, पाच मैत्रिणी मिळून आधी वर्गणी भरा. मागणीचा अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. वार्षिक सभेची तारीख विचारून ठेवा, तिथे हजर राहा, पुस्तक खरेदीच्या यादीवर बोला. उत्तर मिळाले नाही तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जा. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. भांडायचे असेल तर सभासद म्हणून भांडा. पुढच्या वर्षी कार्यकारिणीच्या निवडणुकीत आपल्यातली एखादी पदवीधर मुलगी उभी राहिली, तर पुस्तक दिनाची पत्रिका लिहायला तीही टेबलाशी बसलेली असेल.