‘कॉपीबहाद्दर’ कोणाला म्हणावे?

परीक्षेत चोरून लिहिणाऱ्याला आपली वृत्तपत्रे ‘कॉपीबहाद्दर’ म्हणतात. ‘बहाद्दर’ ही शौर्याची उपाधी फारसीतून मराठीत आली. इथे ती उपरोधाने योजली जाते हे खरे. पण ‘चोर’ हा शब्द टळतोच. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने 1982 मध्ये कायदा केला, भाषेने मात्र तो गुन्हा थट्टेवारी नेला.

परीक्षागृहात पर्यवेक्षक असतो. गृहपाठ लिहिताना तुमच्यावर कोणाचीच नजर नसते. नोकरी, डोंबिवली लोकलची गर्दी, घरची कामे यांतून तुम्हांला वेळ काढावा लागतो, हे मी जाणतो. तरीही दुसऱ्याचा तयार गृहपाठ उतरवून काढणे मला समर्थनीय वाटत नाही. मराठीच्या विद्यार्थ्याने स्वतःचे वाक्यच लिहिले नाही, तर त्याने अभ्यासले काय? समीक्षकाचे मत अवश्य घ्या. मात्र त्याचे नाव, ग्रंथ आणि पृष्ठ नोंदवा. प्रश्न बोलीविषयी असेल, तर ठाणे-कल्याण परिसरातील आगरी बोली कान देऊन ऐका. शेजारच्या आजींच्या तोंडी ‘डोळा’चा ‘डोला’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ कसे होते, हे दाखवणारी तुम्ही स्वतः टिपलेली चार उदाहरणे उतरवलेल्या चार पानांहून मला अधिक गुणांची वाटतात.