यादी लहान करा, तारीख मागा

जवळपास पावणेसहा वर्षांनी आपल्या महापालिकेच्या सभागृहात पुन्हा नगरसेवक बसले आहेत. मागच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहर प्रशासकांच्या हाती होतं. आज जे चोवीस-पंचवीस वर्षांचे आहेत त्यांनी मतदार झाल्यापासून स्वतः निवडलेलं सभागृह पाहिलेलंच नव्हतं. ठराव कोण मांडतं, प्रश्न कोण विचारतं, आयुक्त कोणाला उत्तर देतात, हे त्यांच्यासाठी ऐकीव आहे.

बोलतोय ते औरंगाबादबद्दल. सरकारी कागदांवर २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावाचा वाद इथे काढत नाही, कारण नाव कुठलंही लिहा, नळाला पाणी त्याच दिवशी येतं. ११५ जागांच्या सभागृहात भाजप सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि एमआयएम दुसऱ्या क्रमांकावर आला. आपल्यापैकी अनेकांनी ज्यांना मत दिलं ते आता विरोधी बाकावर आहेत. त्यांनी पुढची पाच वर्षं करायचं काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

याची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. पहिलं उत्तर: 'सत्ता नाही, तर आपण काय करणार?' दुसरं उत्तर म्हणजे चाळीस मागण्यांचं निवेदन. रस्ते, दिवे, ड्रेनेज, पाणी, शाळा, कब्रस्तान, उद्यान, वाचनालय, सगळं एका कागदावर. आयुक्तांच्या हातात कागद, शेजारी हसरे चेहरे, एक फोटो, आणि संध्याकाळपर्यंत तो प्रत्येक ग्रुपवर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नोकरीच्या सुरुवातीला एका ग्राहकाने आम्हाला दुरुस्त्यांची लांबलचक यादी पाठवली होती आणि प्रत्येक ओळीपुढे 'तातडीचं' असं लिहिलं होतं. आम्ही काय केलं, ते प्रामाणिकपणे सांगतो. सोपी कामं आधी उरकली, आकडा मोठा दाखवला आणि ज्या एका बिघाडामुळे ग्राहकाचं काम खरोखर अडलं होतं तो तसाच ठेवला. यादीच अशी होती की आम्हाला पळवाट मिळाली. सगळंच तातडीचं असेल तर काय आधी करायचं हे काम करणारा ठरवतो, मागणारा नाही. चाळीस मागण्यांचं निवेदन प्रशासनाला हीच सवलत देतं. चार दिवे लावले, एक बाकडं बसवलं, की 'मागण्यांवर कार्यवाही सुरू'.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. विरोधी पक्षाने तीनच सेवा निवडाव्यात, प्रत्येकीसाठी मोजता येईल असा निकष ठरवावा आणि प्रत्येक सभेत त्याची तारीख मागावी. आणि ती संपूर्ण शहरासाठी मागावी, फक्त आपल्या प्रभागासाठी नाही.

पहिली सेवा: पाणी

हे शहर मलिक अंबरने वसवलं आणि जमिनीखालच्या नहरींनी त्याला पाणी दिलं. पाणचक्की बघायला आजही पर्यटक येतात. त्याच शहरात आज कोणत्या भागात किती दिवसांआड पाणी येतं, यावर लग्नाच्या तारखा ठरतात. पैठणच्या नाथसागराची क्षमता शंभर टीएमसीहून जास्त आहे. धरण आहे, पाणी आहे. अडचण ते शहरात आणण्याची आणि सारखं वाटण्याची आहे.

योजनांचा इतिहासही समोर ठेवू. समांतर जलवाहिनी खासगी कंपनीकडे दिली गेली आणि २०१६ मध्ये महापालिकेने तो करार रद्द केला. मग १,६८० कोटींची नवी योजना आली. डिसेंबर २०२० मध्ये तिचं भूमिपूजन तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केलं. पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. मे २०२२ मध्ये विरोधी पक्षात असलेल्या देवेंद्र फडणवीस यांनी याच पाण्यासाठी शहरात जलआक्रोश मोर्चा काढला. त्याच सुमारास वर्षाची ४,०५० रुपयांची पाणीपट्टी निम्मी करण्यात आली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या कामावर देखरेख ठेवावी लागली, आणि तरीही मुदती पुढे सरकत राहिल्या. यात जवळजवळ प्रत्येक मोठ्या पक्षाने सत्तेतही वेळ काढला आहे आणि विरोधातही. म्हणून 'हे कोणाचं पाप' या चर्चेत पुढची पाच वर्षं घालवण्यात अर्थ नाही.

विरोधी पक्षाने विचारायचा प्रश्न साधा आहे: प्रत्येक जलकुंभावरून कोणत्या वसाहतीला, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ पाणी सोडलं? हे दर आठवड्याला जाहीर करा. आठवड्यातून एकदा पाणी म्हणजे वर्षातून बावन्न दिवस. घर पट्टी मात्र वर्षाची भरतं. तेव्हा हा हिशेब मागणं हा त्याचा हक्क आहे. नवी योजना पूर्ण होईपर्यंत पाणी कमीच असेल, हे मान्य. पण कमी पाणी सारखं वाटता येतं, आणि सारखं वाटलं की नाही हे फक्त नोंदीवरून कळतं.

इथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. मे २०१८ मध्ये जुन्या शहरात जी दंगल झाली, दोन माणसं गेली, शहागंज आणि मोती कारंजा भागात दुकानं जळाली, त्या तणावाची सुरुवात अनधिकृत नळजोडण्या तोडण्याच्या कारवाईवरून झाली होती. नळाचा वाद बघता बघता धर्माचा झाला. यातून विरोधी पक्षाने धडा घ्यायचा असेल तर तो हा: बेकायदा नळ वाचवण्यासाठी फोन करणारा नगरसेवक मोहल्ल्याचा मित्र नाही. त्याने प्रत्येक घराला रीतसर जोडणी मिळावी, शुल्क हप्त्याने घ्यावं आणि जोडणी तोडायची असेल तर सगळ्या वसाहतींना एकच नियम लावावा, असा प्रस्ताव मांडावा. नियम लेखी आणि सगळ्यांना सारखा असेल तर अफवेला जागा कमी उरते.

दुसरी सेवा: दाखला

जन्मनोंदणीचा कायदा २०२३ मध्ये बदलला. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून शाळा, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी या सगळ्यांसाठी जन्मदाखलाच चालणार आहे. म्हणजे आज दवाखान्याच्या कागदावर झालेली चूक अठरा वर्षांनी मतदार यादीत त्रास देणार. आपल्या नावांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. वडील 'शेख', मुलगा 'शेक'. आधारवर 'मोहम्मद', दाखल्यावर 'मो.'. एकाच घरात 'सय्यद', 'सैयद' आणि 'सैय्यद'. संगणकाला ही तीन वेगवेगळी माणसं वाटतात, आणि संगणकावर विसंबलेल्या अधिकाऱ्यालाही. उशिरा केलेल्या जन्मनोंदींवरून २०२५ मध्ये राज्यात चौकशा लागल्या, दिलेले दाखले रद्द झाले. अशा वातावरणात एक काना-मात्रा ही किरकोळ गोष्ट राहत नाही.

यावर हत्यार कायद्यातच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. अर्जाची पोच द्यावी लागते. नाकारली तर लेखी कारण द्यावं लागतं. त्यावर कार्यालयातच पहिलं आणि दुसरं अपील करता येतं, आणि तिसरं अपील आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तरी आपण काय करतो? कोणाच्या तरी ओळखीने जातो, नाहीतर दलालाला पैसे देतो. दोन्हींत पोच मिळत नाही, म्हणून उशिराचा पुरावाही उरत नाही.

विरोधी पक्षाने दर तिमाहीला तीन आकडे मागावेत: जन्म-मृत्यू दाखल्यांचे आणि दुरुस्तीचे किती अर्ज आले, किती मुदतीत निघाले, किती कोणत्या कारणाने नाकारले. आणि आपल्या कार्यालयात ओळखीने काम करून देण्याऐवजी अपील कसं करायचं ते शिकवणारा एक माणूस बसवावा. यात नगरसेवकाचा तोटा आहे, हे कळतं. ज्याला स्वतः अपील करता येतं तो उपकाराखाली राहत नाही. पण पक्ष नागरिक घडवतो आहे की ओशाळे मतदार, हे इथेच कळेल.

तिसरी सेवा: कचरा

तीस वर्षांहून जास्त काळ शहराने आपला कचरा नारेगावला टाकला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या. शहरात कचऱ्याचे ढीग लागले. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा नेण्यावरून दगडफेक झाली, पोलिसांनी घरात शिरून मारल्याच्या तक्रारी आल्या. महापालिका आयुक्त बदलले गेले, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं. घराघरातून ओला-सुका वेगळा न घेण्याचं मोल शहराने असं मोजलं.

इथेही निकष एकच पुरे: कोणत्या गल्लीत गाडी किती दिवस आली आणि वेगळा केलेला कचरा प्रक्रियेपर्यंत वेगळाच पोचला का? पण हा प्रश्न विचारण्याआधी आपल्या उंबऱ्याकडेही बघावं लागेल. आपण दोन डबे ठेवतो का? कुर्बानीच्या तीन दिवसांत काही मोहल्ले अवशेष नीट पिशवीत बांधून ठरल्या जागी देतात, काही देत नाहीत. हे बोलायला विरोधी पक्षाला सत्ता लागत नाही. फक्त आपल्याच मतदाराची नाराजी पत्करायची तयारी लागते.

सत्ता नसताना हे होईल कसं?

विरोधी बाकाला वाटतं त्याहून बरंच काही करता येतं. सोळा सदस्यांच्या स्थायी समितीत पक्षांना संख्याबळानुसार जागा मिळतात, आणि कंत्राटं व अंदाजपत्रक तिथूनच जातं. तिथे पाठवायचा माणूस आवाजाच्या उंचीवर निवडू नका, निविदा वाचता येते का ते बघून निवडा. नगरसेवकाला लेखी प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. लेखी उत्तर दप्तरात राहतं, घोषणा राहत नाही. पाणीपुरवठा, गटारं आणि सफाई ही १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत. ती मागताना कोणी उपकार करतंय अशी भाषा वापरण्याचं कारण नाही.

एक नवी अडचण मात्र आहे. या वेळी बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत. आमच्या कामात एका दुरुस्तीवर चार जणांची नावं टाकली की ती दुरुस्ती कोणाचीच नसते. म्हणून विरोधी पक्षाने आपल्या नगरसेवकांत कामं वाटून जाहीर करावीत: पाण्यासाठी हा, दाखल्यांसाठी ही, कचऱ्यासाठी तो. दर तीन महिन्यांनी लोकांसमोर बसून हिशेब द्यावा. क्षेत्रसभेची कल्पना कायद्यात आहेच, आणि मोहल्ल्यात सतरंजी टाकून बसायला कोणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही.

२०१८ हे वर्ष पुन्हा एकदा आठवा. कचरा पेटला, पाण्यावरून दंगल झाली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाजपेयींच्या श्रद्धांजलीच्या प्रस्तावाला एमआयएमच्या एका नगरसेवकाने विरोध केला, भाजपच्या नगरसेवकांनी त्याला सभागृहातच मारलं. देशभर दाखवलं गेलं ते हेच. मारहाणीचं समर्थन कोणीच करू नये. पण त्या दिवसानंतर नळ आणि कचरा चर्चेतून गेले, हेही खरं. ज्यांना सेवांचा हिशेब द्यायचा नसतो त्यांना असा दिवस फार सोयीचा असतो. विरोधी पक्षाने तो त्यांना फुकट देऊ नये.

म्हणूनच मागणी पूर्ण शहराची हवी. सातारा-देवळाईत लोक टँकरवर दिवस काढतात. सिडको-हडकोतही बाया नळाची वाट बघत जागतात. किराडपुऱ्याच्या नगरसेवकाने सभागृहात आधी सिडकोच्या पाण्याचं वेळापत्रक मागितलं, तर त्याच्यावर 'फक्त आपल्या लोकांचा' असा शिक्का मारणं अवघड जाईल. आणि वेळापत्रक संपूर्ण शहराचं जाहीर झालं, तर किराडपुऱ्याला कमी मिळतं की नाही हे ओरडून सांगावं लागणार नाही. आकडाच सांगेल.

राहिला प्रश्न आपला. आपल्यातल्या कितीतरी जणांना एक्सेल येतं, ॲप बनवता येतं, माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आजपासून आपल्या गल्लीची एक वही सुरू करा. पाणी कधी आलं, किती वेळ होतं, कचऱ्याची गाडी आली का, एवढंच लिहा. तीन महिन्यांनी ती वही आपल्या नगरसेवकाच्या हातात द्या आणि विचारा, यातला कोणता प्रश्न तुम्ही कोणत्या तारखेच्या सभेत मांडणार? उत्तरात तारीख आली नाही, तर पुढच्या महिन्यात वही घेऊन पुन्हा जा.