दोष एकट्या गाईचाच का?

गाय गाभण राहिली नाही की आपण तिलाच वांझ ठरवून बाजार दाखवतो. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा न्याय एकतर्फी वाटतो. वळूच्या वृषणांचे तापमान शरीराहून २ ते ६ अंश सेल्सिअसने कमी असावे लागते. दिवसेंदिवस उन्हात बांधलेल्या वळूत ते वाढते. शिवाय सततच्या ताणाने रक्तात कॉर्टिसॉल वाढते, मेंदूकडून वृषणांना मिळणारे संदेश मंदावतात आणि टेस्टोस्टेरॉन घटते. वळूत शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात. म्हणून पावसानंतर तो टवटवीत दिसला, तरी वैशाखातल्या हालांचा परिणाम कित्येक आठवडे उरतो. तेव्हा गाय विकण्याआधी वळूचे वीर्य तपासावे. आणि त्याहीआधी त्याला सावली व पाणी द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.