बेतवेच्या वाळूवर उतरू नका

पुण्याहून झेलमने किंवा मुंबईहून पंजाब मेलने झाशीला उतरून, कॅमेऱ्याची बॅग पाठीला लावून थेट ओरछ्याला निघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हे आवाहन तुम्हाला आहे आणि ते आजच करणे भाग आहे. फाल्गुन लागला. बेतवेचे पाणी उतरू लागले आहे, पात्रातले खडक आणि वाळूचे पट्टे उघडे पडत आहेत, आणि त्या पट्ट्यांवर नदी सुरय या पक्ष्यांच्या जोड्या जमू लागल्या आहेत. थोड्याच दिवसांत तिथे अंडी असतील. होळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळजण कयाक घेऊन नेमके याच पाण्यात असणार. फोटो जरूर काढा. पण मृगाचा पाऊस पडेपर्यंत नदीतल्या एकाही बेटावर, वाळूच्या एकाही पट्ट्यावर कयाक लावू नका, पाय ठेवू नका.

आमच्या घराला झाशीत पाच पिढ्या झाल्या. ज्या गणेश मंदिरात 1842 साली राणीचे लग्न लागले, तिथे आम्ही अजून चतुर्थीला जातो, घरात मराठी बोलतो आणि पाहुणे आले की त्यांना बेतवा दाखवायला नेतो. त्यामुळे या नदीवर येणारा मराठी माणूस मला परका वाटत नाही, आणि त्याला चार शब्द सुनावण्याचा थोडा हक्कही वाटतो.

वरच्या अंगाला माताटीला आणि सुकवा-ढुकवा, खाली परीछा, अशा बांधांच्या मधला हा नदीचा तुकडा. ओरछ्याजवळ खडकांमुळे बेतवेच्या अनेक धारा फुटतात, मध्ये लहानमोठी बेटे राहतात. पलीकडे जामनी नदी येते, आणि दोन नद्यांच्या मधल्या जंगलात 1994 पासूनचे ओरछा अभयारण्य आहे. समुद्राकाठचा त्रिभुज प्रदेश हा नव्हे. तरी कयाकवाल्याला हवे ते सगळे इथे आहे: अरुंद धारा, लव्हाळे, खडकावर ऊन खात पडलेली कासवे आणि पाण्यात उलट्या पडलेल्या बुंदेला राजांच्या छत्र्या. कयाकमध्ये बसले की कॅमेरा पाण्यापासून जेमतेम हातभर वर असतो. त्या उंचीवरून घेतलेल्या पक्ष्याच्या चित्रात तो आपल्या बरोबरीचा दिसतो, त्याच्या डोळ्यात नदी दिसते. घाटावर उभे राहून असे चित्र मिळत नाही. हा मोह मला पुरता ठाऊक आहे.

आणि नेमके इथेच आपले चुकते. कयाकला इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही, म्हणून ती निरुपद्रवी, असे आपण धरून चालतो. मोटारबोट लांबून ऐकू येते. पक्षी वेळेवर सावध होतो, आणि ती बोट उथळ पाण्यात शिरूही शकत नाही. कयाक वीतभर पाण्यातून जाते, लव्हाळ्याच्या आडून निघते आणि थेट घरट्यासमोर येऊन उभी राहते. पक्ष्याला ती दिसते तेव्हा ती अगदी जवळ आलेली असते. तो दचकून उठतो, आणि तापलेल्या वाळूवर अंडी उघडी पडतात.

मी हे केलेले आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, सकाळी नऊच्या सुमारास, पाय मोकळे करायला म्हणून एका पट्ट्यावर कयाक ओढली. डोक्यावर सुरय ओरडत घिरट्या घालू लागले, एकाने तर केसांना चोच लागेल इतका खाली सूर मारला. मला वाटले, काय सुंदर संधी! वीस मिनिटे मी तिथेच उभी राहून त्या झेपा टिपत होते. निघताना पायाशी पाहिले, तर टाचेपासून दोन वितींवर वाळूत एक उथळ खळगा होता. त्यात दोन अंडी होती, वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके, आणि शेजारी फुटलेल्या कवचाचा ओला तुकडा. समोरच्या खडकावर कावळा चोच पुसत होता. त्या सकाळचे सगळे फोटो मी पुसून टाकले, पण एक अंडे गेले ते गेलेच.

नदी सुरय घरटे बांधत नाही. वाळूत पोटाने खळगा करतो, त्यात बहुधा तीन अंडी घालतो आणि साधारण तीन आठवडे त्यांवर बसतो. आपल्याला वाटते तो ऊब देतो. झाशीच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि उघडी वाळू त्याहून कितीतरी जास्त तापते. तिथे तो बसतो तो मुख्यतः सावली धरायला. मधूनच उठून नदीवर जातो, पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि ओल्या पोटाने परत अंड्यांवर बसतो. भर दुपारी अशा पक्ष्याला दहा-पंधरा मिनिटे उठवून ठेवले, तर अंड्यातला जीव आतल्या आत शिजू शकतो. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि पक्षी पुढे कित्येक दिवस त्या मेलेल्या अंड्यांना सावली धरत बसतो.

कोणी म्हणेल, नदीतून वाळू उपसणाऱ्यांना आधी सांगा, धरणांना सांगा. 25 डिसेंबर 2024 ला केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी झाली, 221 किलोमीटरचा कालवा केनचे पाणी बेतवेत आणणार, त्यापुढे एका कयाकची काय कथा? मला हे म्हणणे पटत नाही. उपशाने पट्टे कमी झाले, बांधातून अवचित सोडलेल्या पाण्याने काही घरटी वाहून जातात. म्हणूनच उरलेल्या दोन-चार पट्ट्यांवर सगळ्या पक्ष्यांची गर्दी होते, आणि आपण नेमके तिथेच उतरतो. चंबळेवरचा पाणचिरा हा पक्षीही असाच वाळूवर अंडी घालतो. 2020 मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली.

कायदाही इथे स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणेही येते. फोटोसाठी घरट्याभोवतीचे गवत बाजूला सारणारा त्यात बसतो.

मग फोटो काढायचा कसा? पहाटे निघा आणि ऊन चढायच्या आत, नऊपर्यंत, पाण्याबाहेर या. बेटापासून शंभर मीटर लांब राहा. पाचशे-सहाशेची लेन्स त्यासाठीच असते, उरलेले काम क्रॉप करून होते. कयाक डुलते, म्हणून शटर दोन हजारांच्या आसपास ठेवा. पक्ष्याच्या दिशेने सरळ वल्हवू नका, धारेच्या वरच्या अंगाला जा, वल्हे मांडीवर आडवे घ्या आणि पाण्याबरोबर तिरपे वाहत या. पक्षी ओरडू लागला, मान ताठ करून उभा राहिला, डोक्यावर येऊ लागला की समजा, आपण फार जवळ आलो. ते चित्र सोडा आणि मागे फिरा. ड्रोन घरीच ठेवा. घरट्याची जागा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

नावेने जाणार असाल तर केवटाशी घाटावरच बोलून घ्या. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला काय होते ते आपल्याला ठाऊक आहे: रोहितांचा थवा उडताना हवा म्हणून नाव थेट थव्यात घातली जाते, आणि नावाड्याला त्याचे वर पैसे मिळतात. इथला केवटही विचारतो, "बाबूजी, और पास ले चलूँ?" त्याचा दोष नाही, आधीच्या गिऱ्हाइकाने त्याला ते शिकवले. तुम्ही नको म्हणा, आणि लांब थांबल्याबद्दल त्याला वर पैसे द्या.

ओरछ्याच्या छत्र्यांवर घरटी करणाऱ्या गिधाडांच्या बाबतीतही हेच लागू आहे. डायक्लोफेनॅकने त्यांची जात जवळजवळ संपवली, जनावरांसाठी त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, आणि लांब चोचीच्या गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. शिखराजवळ चढू नका, खालूनच फोटो घ्या.

कयाक भाड्याने देणाऱ्यांना, सहली नेणाऱ्या मंडळांना आणि फोटो स्पर्धा भरवणाऱ्यांना वेगळी विनंती आहे. मार्च ते जून बेटांवर उतरण्याची मुभा देऊ नका, आणि घरट्यावरच्या पक्ष्याचा जवळून घेतलेला फोटो स्पर्धेत स्वीकारू नका. हा मजकूर होळीच्या आधी आपल्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला पाठवा. ओरछ्याला जरूर या, पण पाय मोकळे करायचे झाले तर घाटावर परत या, बेटावर उतरू नका.