ब्रेक नसलेली बाईक

ओहोटी लागली की कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट होते. मग संध्याकाळी बाईकवाली पोरं खाली उतरतात. गोल गोल फिरायचं, मागचं चाक घसरवायचं, वाळू उडवायची. देवळाकडून आलेली माणसं, पाण्यात खेळणारी लहान मुलं, सगळी मधेच! सगळे म्हणतात, "हाकला ह्यांना." मला जरा वेगळं म्हणायचंय.

मित्रांनो, ह्याच प्रकाराची वर्ल्ड चॅम्पियनशिप असते! नाव स्पीडवे. पहिली १९३६ साली लंडनच्या वेम्बलीत झाली. मातीचा अंडाकृती ट्रॅक, चार रायडर, चार लॅप. ५०० सीसीचं, मिथेनॉलवर चालणारं इंजिन. आणि ब्रेक? नाहीतच! वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, हँडल उलट बाजूला धरायचं, पोलादी तळाचा डावा बूट जमिनीला टेकवायचा. २०२५ च्या सीझनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडी कर्ट्झने ओळीने पाच ग्रांप्री जिंकल्या, तरी किताब गेला पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिककडे. फक्त एका पॉइंटने! त्याचा हा सहावा किताब.

अपघात तिथेही होतात, माणसं दगावलीसुद्धा आहेत. पण रायडरच्या मनगटाला दोरी बांधलेली असते. तो पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद! आणि ट्रॅकवर दुसऱ्याचं पोर मधे येत नाही. आपल्या बाईकला ब्रेक आहेत, पण बाकी काहीच नाही. हेल्मेटसुद्धा घरी! शिवाय सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ती वाळूखाली असतात, चालवणाऱ्याला दिसणार कशी?

नुसत्या बंदीने प्रश्न सुटतो का? बैलगाडा शर्यतीचंच बघा. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली, २०२३ मध्ये राज्याचा कायदा मान्य केला. शर्यत तीच, पण नियम आले. बाईकचंही तसं होऊ शकतं. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झालीच ना! पण देवगडच्या पोराने पुण्याला कुठे जायचं?

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे जांभ्याच्या बंद पडलेल्या चिरेखाणी आहेत. तळ सपाट, तांबडी माती हवी तेवढी. एखादी मोठी खाण घ्या, कडेला जुने टायर लावा, हेल्मेट सक्तीचं करा, ॲम्ब्युलन्स उभी ठेवा. पावसाळ्यात पाणी भरेल, तेव्हा सुट्टी! ऑक्टोबर ते मे सीझन. आणि एवढं झाल्यावरही जो किनाऱ्यावर बाईक उतरवेल, त्याला खुशाल दंड करा. मी त्याची बाजू घेणार नाही.

सिव्हिलवाल्यांनो, खाणीचा सर्व्हे तुम्ही करा. बाईक आम्ही मेकॅनिकलवाले बघतो. येताय का?