सामान राखायला कोणीच नको

सहलीला गेलो की प्रत्येक घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: "तुम्ही या फिरून, मी बसते सामानापाशी." हे वाक्य बहुतेक वेळा अम्मीचे असते, नाहीतर दादीचे. कोणी फारसा आग्रहही करत नाही, कारण पुढे चढण असते, पायऱ्या असतात आणि गुडघे दुखत असतात. संध्याकाळी सगळे घरी येतात. ज्यांनी डबे भरले, त्यांनीच काही पाहिलेले नसते.

आपल्या कोकणातली कितीतरी कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थिरावली आहेत. मुलगा किंवा मुलगी तिकडे असते, म्हणून आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर जातात. नातवंडे, स्वयंपाक आणि खिडकीबाहेरचा पाऊस यातच बराच काळ सरतो. असे कोणी तुमच्या घरातून जाणार असेल, तर मुलांना एक नाव जरूर सांगा: मॉन्सल ट्रेल. मँचेस्टरहून गाडीने साधारण दीड तासावर, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, बेकवेल गावाजवळून ही वाट जाते. लांबी साडेआठ मैल, म्हणजे साडेतेरा किलोमीटरच्या आसपास.

ही वाट म्हणजे जुना लोहमार्ग. मिडलँड रेल्वेने वाय नदीच्या खोऱ्यातून १८६३ साली तो सुरू केला. दरीवर कमानींचा पूल उभा राहिला, तेव्हा जॉन रस्किन या नामवंत लेखकाने सुंदर दरीचा नाश झाला म्हणून कडक टीका केली होती. आज लोक तोच पूल पाहायला लांबून येतात. १९६८ मध्ये गाड्या बंद झाल्या आणि पुढे रूळांच्या जागी पायवाट झाली. मात्र बोगदे बरीच वर्षे बंद होते. ते दुरुस्त करून २०११ मध्ये उघडल्यावर सायकलवाल्यांना सलग रस्ता मिळाला.

डोंगरात असूनही ही वाट सोपी कशी? याचे उत्तर आगगाडीतच आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर कमी घर्षणाने धावते, त्यामुळे गाडीला तीव्र चढ झेपत नाही. म्हणून इंजिनिअरांनी टेकडी आली तिथे बोगदा खोदला, दरी आली तिथे पूल बांधला आणि चढ अगदी मंद ठेवला. गाड्या गेल्या, पण तो मंद चढ राहिला. जी सोय इंजिनासाठी केली, ती आता सहा वर्षांच्या नातवाला आणि साठीच्या नानीला उपयोगी पडते. मोटारींना इथे मनाई आहे. व्हीलचेअरवरची माणसेही याच वाटेने जातात.

पूर्ण वाट एका दिवसात संपवलीच पाहिजे असे नाही. हॅसपच्या जुन्या स्टेशनवर सायकली भाड्याने मिळतात. तिथून निघा आणि हेडस्टोन बोगद्यातून त्या पुलापर्यंत जाऊन परत या. एका बाजूचे अंतर पाच किलोमीटरच्या आत आहे. जाताना किंचित चढ लागतो, त्यामुळे दमल्यावर परतीचा रस्ता हलका होतो. दम असेल तर पुढे क्रेसब्रुक आणि लिटनचे बोगदे आहेत. त्यांच्याजवळ जुन्या कापडगिरण्या दिसतात. दोनशे वर्षांपूर्वी लिटनच्या गिरणीत अनाथ मुलांना राबवून घेत. बरोबरच्या मुलांना हे सांगा. त्यांच्याच वयाची मुले होती ती.

आता काही घरगुती सूचना. सायकल समोर आडवा दांडा नसलेली मागा आणि साखळीवर झाकण आहे ना ते पाहा. अबाया असो वा सलवार, मोहरी वर बांधा, ओढणीचे टोक आत खोचा. चाकात अडकले तर पडायला होते. सीट इतकी खाली ठेवा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. लहान मुलांसाठी मागे जोडायची गाडी किंवा मोठ्यांसाठी तीनचाकी मिळेल का, हे आधी फोन करून विचारा. बोगद्यात दिवसा दिवे असतात, अंधार पडल्यावर नसतात. आत गारठा असतो, म्हणून स्वेटर हवाच. डावीकडून चालवा. पायी चालणारे किंवा घोडेस्वार दिसले की घंटी वाजवून वेग कमी करा. हलालची चौकशी करत बसण्यापेक्षा डबा घरूनच न्या. छोटी जानमाज पिशवीत टाकली की जोहरची चिंता नाही. आणि हे सगळे सामान सायकलच्या टोपलीत जाऊ द्या. मग राखण करायला कोणी मागे राहायची गरजच उरत नाही.

आपल्याकडच्या अनेक मुली सातवी-आठवीपर्यंत सायकल चालवतात. मग "आता मोठी झालीस" म्हणून ती सायकल धाकट्या भावाकडे जाते. त्यातल्याच कित्येकजणी आज अम्मी आणि नानी आहेत. तोल राखायची सवय शरीर सहसा विसरत नाही, फक्त धीर जातो. जाण्यापूर्वी महिनाभर घराजवळच्या मोकळ्या मैदानात, फजरनंतर पंधरा मिनिटे सायकल फिरवा. मुलाने किंवा सुनेने मागून धरले तर त्यात लाज कसली? गुडघ्याचे किंवा हृदयाचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारून मगच बसा. आणि ज्यांना सायकल जमणारच नाही, त्यांच्यासोबत घरातल्या एकाने पायी चालावे. पुलापर्यंत सगळ्यांनी पोहोचायचे, एवढेच ठरवून निघा.