शाळेचे छायाचित्र कोणाच्या हाती? (धागा)

१/ १२ मे १८७५. सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंडचा परिसरही त्याच तालुक्यात मोडे. सावकारांवरील बहिष्काराची सुरुवात त्याआधीच शिरूर तालुक्यातील करडे गावात झाली होती. रोष कागदावर होता, कारण त्यात काय लिहिले आहे हे फक्त सावकारच जाणत असे.

२/ १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने यावर काय उपाय योजला? गावोगावी दस्तनोंदणी, पैसे फेडल्याची पावती, हिशेबाचे पासबुक. म्हणजे नोंदीची एक प्रत ऋणकोच्याही हाती.

३/ आता शाळेच्या फाटकावरील ‘फोटो काढण्यास मनाई’ ही पाटी पाहा. तिचे समर्थन बालकांच्या सुरक्षिततेने केले जाते आणि ते अर्धे खरे आहे. अत्याचारग्रस्त बालकाची ओळख उघड करणे पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. मुलाचा चेहरा कोणाच्याही प्रसिद्धीचे साधन नव्हे. वह्यावाटप करणाऱ्या पुढाऱ्याच्याही नव्हे.

४/ पण हा नियम शासनाने स्वतः पाळला का? नोव्हेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनानेच शिक्षकांना विद्यार्थ्यांसह सेल्फी काढून पाठविण्याचा आदेश दिला. शिक्षकांच्या विरोधामुळे तो बारगळला, बालकांच्या खासगीपणामुळे नव्हे.

५/ उलट बाजू मिर्झापूरची. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील शाळेत मुले मीठ-पोळी खाताना दिसली. ते चित्रित करणारे पत्रकार पवन जयस्वाल यांच्यावरच गुन्हा दाखल झाला. पुढे पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरविले. वरून मागितलेले छायाचित्र ‘अहवाल’, खालून काढलेले ‘बदनामी’!

६/ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की, १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यानुसार पोलीस ठाणे हे ‘निषिद्ध स्थान’ नाही. मग जिल्हा परिषदेची शाळा कशी असेल? अर्थात, यामुळे कोणालाही वर्गात घुसण्याचा परवाना मिळत नाही. प्रवेशाचे नियमन मुख्याध्यापकांनी करावेच.

७/ शिरूर तालुक्यातीलच वाबळेवाडीची शाळा पाहा. तिचे काचेचे वर्ग छायाचित्रांतूनच राज्यभर पोहोचले, तेव्हा कॅमेरा कोणाला खुपला नाही. मग गळक्या छपराचे छायाचित्रच का खुपावे?

८/ मार्ग कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. माहिती अधिकार कायदा कामांची पाहणी करण्याचा हक्क देतो. शिरूर-दौंडच्या प्रत्येक समितीने दोन ओळींचा ठराव करावा: पालकांच्या संमतीविना मुलाचा चेहरा कोणीही टिपणार नाही, शासनही नाही. छप्पर, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी आणि पोषण आहाराचे ताट टिपण्यास समितीच्या सदस्यांना कोणीही अडवणार नाही.

९/ १८७५ मध्ये या मातीने एकहाती दप्तराचा परिणाम पाहिला. सरसकट मनाईची पाटी तेच दप्तर पुन्हा एका हाती देते. पासबुकाची दुसरी प्रत पालकांकडे असलीच पाहिजे.